बुकवर्म ते ट्रिक्सी: प्लाझ्मा ५.२७ वरून ६.३ वर जाताना

केडीई प्लाझ्मा, म्हणजे लिनक्सवरचा एक डेस्कटॉप, ६.० आलं २८ फेब्रुवारी २०२४ ला. डेबियन या लिनक्स वितरणाची १२ वी आवृत्ती, म्हणजे बुकवर्म, मात्र शेवटपर्यंत प्लाझ्मा ५.२७ वरच राहिलं, कारण स्थिर आवृत्तीत डेस्कटॉप मध्येच बदलत नाहीत. ९ ऑगस्ट २०२५ ला डेबियन १३, म्हणजे ट्रिक्सी, आलं आणि त्यासोबत प्लाझ्मा ६.३. माझ्या रोजच्या कामाच्या मशीनवर मी तेव्हाच हा प्रवास केला. एकही पॅकेज (डेबियनमधला सॉफ्टवेअरचा संच) अर्धवट न अडकता तो पार पडला, म्हणून मागून येणाऱ्यांसाठी सविस्तर लिहितो आहे.

बुकवर्मवर राहून फक्त प्लाझ्मा तेवढं पुढच्या आवृत्तीतून ओढून घेण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळाच. प्लाझ्मा ६ ला क्यूटी ६ लागतं, केडीई फ्रेमवर्क्स ६ लागतं (दोन्ही प्लाझ्मा ज्यांवर उभं आहे ते लायब्रऱ्यांचे संच) आणि या सगळ्याखाली नवं जीलिबसी, म्हणजे जवळपास प्रत्येक प्रोग्रामला लागणारी सी भाषेची मूळ लायब्ररी. जीलिबसी बदललं की निम्मी सिस्टीम बदलली. अशा सरमिसळीला डेबियनवाले फ्रँकनडेबियन म्हणतात, आणि त्यातून परतीची सरळ वाट नसते. क्यूटी ५ आणि क्यूटी ६ च्या लायब्रऱ्या शेजारी शेजारी नांदतात. पण प्लाझ्मा ५ आणि ६ एकाच सिस्टीमवर एकत्र राहू शकत नाहीत, कारण दोघांनाही त्याच जागी त्याच नावाच्या फायली लागतात. डेस्कटॉप बदलायचा तर अख्खं वितरण बदला, हाच कमी त्रासाचा मार्ग आहे.

माझा सगळ्यात जास्त वेळ अपग्रेडच्या आधी गेला, आणि तो तिथेच जायला हवा. पॅकेजांचे संघर्ष प्लाझ्मातून फारसे येतच नाहीत. आपण वर्षानुवर्षं बाहेरून आणून ठेवलेल्या गोष्टींतून येतात. म्हणून आधी बुकवर्म पूर्ण अद्ययावत केलं. मग अ‍ॅप्ट, म्हणजे डेबियनचं पॅकेजं बसवण्याचं साधन, त्याच्या 'अ‍ॅप्ट-मार्क शोहोल्ड'ने रोखून धरलेली पॅकेजं आणि 'डीपीकेजी --ऑडिट'ने अर्धवट राहिलेली पॅकेजं पाहिली. डेबियनबाहेरून काय काय आलं आहे ते 'अ‍ॅप्ट-फोर्कट्रेसर' हे छोटं साधन सांगतं. माझ्या यादीत हाताने टाकलेला प्रिंटरचा ड्रायव्हर निघाला, बॅकपोर्ट्समधली (जुन्या आवृत्तीसाठी तयार केलेली नवी) थोडी पॅकेजं निघाली आणि मल्टिमीडियासाठी जोडलेला एक बाहेरचा रेपो, म्हणजे पॅकेजांचा साठा, निघाला.

ड्रायव्हर काढून टाकला, बॅकपोर्ट्सची ओळ बंद केली. मग सोर्सेसच्या फायलींमध्ये (पॅकेजं कुठून आणायची ते यांत लिहिलेलं असतं) बुकवर्मच्या जागी ट्रिक्सी लिहून 'अ‍ॅप्ट अपडेट' चालवलं. इथपर्यंत परत फिरता येतं हे लक्षात ठेवा: अपडेट फक्त याद्या आणतं, सिस्टीमवर काहीच बसवत नाही. ओळी पूर्ववत करून पुन्हा अपडेट केलं की तुम्ही होता तिथे. म्हणून हीच वेळ 'अ‍ॅप्ट -एस फुल-अपग्रेड' चालवण्याची. ही निव्वळ रंगीत तालीम असते.

माझ्या तालमीत अ‍ॅप्ट 'केडीई-प्लाझ्मा-डेस्कटॉप' हे मेटापॅकेजच, म्हणजे अख्खा डेस्कटॉप ओढून आणणारं नुसत्या यादीचं पॅकेज, काढायला निघालं होतं. अशा वेळी 'अ‍ॅप्टिट्यूड व्हाय-नॉट' आणि पुढे पॅकेजचं नाव द्यावं (अ‍ॅप्टिट्यूड वेगळं बसवावं लागतं). ते अडचणीची साखळी उलगडून दाखवतं. प्लाझ्मामधलं स्क्रीन रेकॉर्डिंग केपाइपवायर या केडीईच्या लायब्ररीतून होतं, केपाइपवायरला एफएफएमपेगच्या (व्हिडिओ-ऑडिओ हाताळणाऱ्या) लायब्रऱ्या लागतात, आणि माझ्याकडे त्या बाहेरच्या रेपोतल्या होत्या. त्यांच्या आवृत्तीच्या क्रमांकापुढे मोठा एपॉक (आवृत्त्यांच्या तुलनेत सगळ्यात आधी बघितला जाणारा आकडा) लावलेला होता, त्यामुळे अ‍ॅप्टच्या लेखी त्याच कायम 'नव्या' ठरत होत्या आणि डेबियनच्या लायब्रऱ्यांना जागाच मिळत नव्हती. मी ट्रिक्सीच्या ओळी पुन्हा बुकवर्मवर नेल्या, तो रेपो काढला, प्रत्येक लायब्ररीच्या नावापुढे तिरपी रेघ आणि बुकवर्म लिहून डेबियनची आवृत्ती परत बसवली, आणि मग पुन्हा तालीम केली. मेटापॅकेज काढायच्या यादीतून गेलं.

तरीही ती यादी लांबच होती, आणि ट्रिक्सीकडे जाताना ती लांब असणारच. ३२ बिटांत मोजलेली वेळ १९ जानेवारी २०३८ ला संपते. त्यावरचा उपाय म्हणून डेबियनने असंख्य लायब्रऱ्यांच्या नावांना शेवटी 'टी६४' जोडलं. जुन्या नावाची लायब्ररी जाते आणि टी६४ वाली येते. त्यामुळे काढायच्या यादीत 'लिबएसएसएल३' दिसलं तर घाबरू नका, बसवायच्या यादीत 'लिबएसएसएल३टी६४' शोधा. जोडी सापडली की ते फक्त नामांतर आहे. जोडी न सापडणारी नावं मात्र एकेक करून तपासा. त्यांत प्लाझ्मा, केविन (खिडक्या सांभाळणारं), एसडीडीएम (लॉगिनचा पडदा) किंवा नेटवर्कमॅनेजर दिसलं तर पुढे पाऊल टाकू नका.

बॅकअपमध्ये होम आणि ईटीसी हे फोल्डर तर घ्याच, शिवाय 'व्हार'खालचा डीपीकेजीचा फोल्डर आणि अ‍ॅप्टची 'एक्स्टेंडेड स्टेट्स' फाइलही घ्या. कोणतं पॅकेज तुम्ही मागितलं आणि कोणतं आपोआप आलं याची नोंद त्या फाइलीत असते. बूट विभाग वेगळा असेल तर तो किमान ७६८ एमबीचा आणि त्यात सुमारे ३०० एमबी मोकळे असावेत, असं ट्रिक्सीच्या प्रकाशन टिपणांत दिलं आहे. जुन्या ३२ बिट आय३८६ सिस्टीमवर असाल तर हा प्रवास तुमच्यासाठी नाही. तिच्यासाठी ट्रिक्सीत कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभाच, नाही.

वायफायवाल्यांनी एक गोष्ट आधी करावी. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'सर्व वापरकर्त्यांना जोडणीची परवानगी' चालू करा. नाहीतर पासवर्ड केवॉलेटमध्ये (केडीईच्या पासवर्ड-तिजोरीत) राहतो आणि डेस्कटॉप बंद केला की इंटरनेटही जातं. मी त्याहून पुढे जाऊन '--डाउनलोड-ओन्ली' देऊन सगळी पॅकेजं आधीच उतरवून घेतली.

मग कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टेक्स्ट कन्सोलवर गेलो, टीमक्स (कन्सोल तुटला तरी आतलं काम चालू ठेवणारं साधन) सुरू केलं आणि 'सिस्टीमसीटीएल आयसोलेट मल्टी-यूजर.टार्गेट'ने डेस्कटॉप पूर्ण थांबवला. चालू प्लाझ्माच्या खिडकीत बसून प्लाझ्मा बदलू नये: मध्येच सेशन कोसळलं तर टर्मिनल जातं, स्क्रीन लॉक झाली तर उघडेलच याची खात्री नाही. आधी '--विदाउट-न्यू-पीकेजीएस' देऊन अपग्रेड, मग फुल-अपग्रेड. कॉन्फिग फायलींबद्दल विचारणा झाली की 'डी' दाबून फरक बघा. स्वतः बदललेली फाइल ठेवा, बाकी नवी घ्या.

मशीन पुन्हा सुरू केल्यावर वेलँडचं, म्हणजे पडद्यावर चित्र दाखवण्याच्या नव्या पद्धतीचं, सेशन उघडलं. प्लाझ्मा ५ साठी उतरवलेले बाहेरचे विजेट ६ वर चालत नाहीत, ते काढून टाका. नव्याने तयार केलेल्या खात्यात फायली डबल-क्लिकने उघडतात. सवय नसेल तर सेटिंगमध्ये बदलता येतं. पॅनल विचित्र वागलं तर आधी एक नवा वापरकर्ता तयार करून त्यात लॉगिन करा. तिथे सगळं ठीक असेल तर दोष पॅकेजांत नाही, तुमच्या जुन्या कॉन्फिगमध्ये आहे, आणि मग पॅकेजं पुन्हा बसवण्यात वेळ घालवायची गरज नाही.

ऑटोरिमूव्ह, म्हणजे आपोआप आलेली आणि आता कुणालाच न लागणारी पॅकेजं काढणं, सगळ्यात शेवटी, तेही यादी वाचून. मेटापॅकेज कधी निघून गेलं असेल तर अ‍ॅप्टला अख्खा डेस्कटॉप अनाथ वाटतो. तेव्हा 'अ‍ॅप्ट इन्स्टॉल केडीई-प्लाझ्मा-डेस्कटॉप' करून त्याला पुन्हा मालक द्या. मग 'अ‍ॅप्ट लिस्ट ~ओ'ने आता कुठल्याच रेपोत नसलेली पॅकेजं बघा आणि नको ती काढा. बाहेरचा मल्टिमीडिया रेपो मी परत जोडला नाही. माझे सगळे व्हिडिओ डेबियनच्या एफएफएमपेगवर चालतात. सोर्सेसच्या जुन्या ओळी 'अ‍ॅप्ट मॉडर्नाइझ-सोर्सेस'ने नव्या मांडणीत बदलून घ्या, म्हणजे कुठला रेपो कुठल्या फाइलीत आहे हे पुढच्या वेळी लगेच दिसेल.