नाव आमचं, डोमेन डीलरचं : माझा अनुभव

"ताई, या वेळच्या मसाल्याला वासच नाही हो. आणि रंग बघाल तर नुसता लालभडक."

ठाण्याच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचा हा फोन २०२२ मधला. आई स्वतः कांडपावर उभी राहायची तेव्हापासून त्या आमचा कांदा-लसूण मसाला नेतात, त्यामुळे आधी मीच वरमले. मग वही उघडली, तर त्यांना चार महिन्यांत आमच्याकडून पार्सलच गेलेलं नव्हतं. म्हणाल्या, "अहो, तुमच्या वेबसाइटवरून मागवला." आमची तेव्हा वेबसाइटच नव्हती.

भाच्याने पाच मिनिटांत छडा लावला. आमच्या ब्रँडच्या नावाला डॉट इन जोडून कुणी तरी डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, घेतलं होतं. ते उघडलं की थेट दुसऱ्याच मसाल्याच्या दुकानात जायचं. गूगलवर आमचं नाव टाकलं की सगळ्यात वर एक जाहिरात, तिच्या मथळ्यातही आमचंच नाव. डोमेनचा मालक कोण हे बघायला गेलो, तर राज्य आणि देश एवढंच दिसलं, बाकी सगळं झाकलेलं. शेवटी ठाण्याच्या बाईंनी पार्सलवरचा पत्ता वाचून दाखवला आणि उलगडा झाला. चार वर्षांपूर्वीपर्यंत पुण्यात आमचाच माल विकणारा डीलर!

त्याला फोन केला. आवाज अगदी गोड. "ताई, नाव तुमचं असेल, पण डोमेन माझ्या पैशाचं आहे. साठ हजार द्या आणि घेऊन जा." हेच त्याने व्हॉट्सॲपवरही लिहून पाठवलं. तेव्हा अंगाचा तिळपापड झाला, पण पुढे तोच मेसेज आमच्या कामी आला.

(ब्रँडचं नाव इथे लिहीत नाही. आजीचं घरातलं टोपणनाव आणि पुढे 'घरगुती मसाले', एवढं समजा.)

साताऱ्यातल्या वकीलबाईंचा पहिला प्रश्न होता, "ट्रेडमार्क आहे?" मी ऐटीत सांगितलं, एफएसएसएआय आहे, उद्यम आहे. त्या हसल्या. "ते अन्नाचं झालं आणि उद्योगाचं झालं. नावाचं काय?"

नावाचं काहीच नव्हतं. त्यांनी समजावलं, की नोंदणी नसली तरी वापरातल्या नावाला कायदा अगदी वाऱ्यावर सोडत नाही. सुप्रीम कोर्टाने २००४ साली 'सिफी' विरुद्ध 'सिफीनेट' या खटल्यात सांगितलं, की डोमेन हा नुसता पत्ता नसतो, धंद्याची ओळखही असते, आणि ट्रेडमार्कसारखंच त्याचंही संरक्षण होऊ शकतं. मात्र अशा वेळी आपला लौकिक आपणच पुराव्यानिशी शाबीत करायचा. हातात प्रमाणपत्र असलं तर निम्मी लढाई वाचते. मी घाईवर होते, त्या नव्हत्या. आधी ट्रेडमार्क, मग डोमेन, असं ठरलं.

अर्ज ऑनलाइन भरला. वर्ग ३०, म्हणजे मसाले, चहा, पिठं वगैरे. एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला एका वर्गाची फी ४,५०० रुपये, मोठ्या कंपनीला ९,०००. अर्जात एक रकाना असतो, हे नाव कधीपासून वापरताय? नव्या माणसाला तो किरकोळ वाटतो, पण खरा जीव त्यातच. आम्ही २००९ लिहिलं, आणि जुनी तारीख लिहिली की तिच्यासाठी प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडावे लागतात. मग घरात उत्खनन सुरू झालं. आईने गॅसच्या पुस्तकाबरोबर पिशवीत कोंबलेलं पाचशे स्टिकरचं छापखान्याचं बिल सापडलं, तारखेसकट. महालक्ष्मी सरस प्रदर्शनातल्या स्टॉलचे कागद निघाले, बचत गटाचा ठराव निघाला. माझ्या कॉम्प्युटरमधल्या फोल्डरपेक्षा आईची पिशवी भारी ठरली, हे ती अजून ऐकवते.

काही महिन्यांनी ट्रेडमार्क कार्यालयाचा परीक्षण अहवाल आला. आमच्यासारखीच दोन नावं त्याच वर्गात आहेत, असा आक्षेप होता. उत्तराला ३० दिवस मिळतात आणि ते चुकले तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं, म्हणून पोर्टल नेमाने बघायचं, नुसत्या ईमेलवर विसंबायचं नाही. आमचं उत्तर मान्य झालं. 'घरगुती' या शब्दावर मात्र आमचा एकट्याचा हक्क मिळणार नाही, हे वकीलबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. तो कुणाच्याच मालकीचा नाही. मग ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्धी आणि हरकतींसाठी चार महिने. ते चार महिने मी रोज मनात त्या डीलरची हरकत वाचत होते. त्याने घेतलीच नाही. २०२४ च्या सुरुवातीला प्रमाणपत्र हातात आलं. तोवर लेबलवर टीएम लिहीत होतो. गोलातला आर ही नोंदणी झाल्याची खूण, नोंदणीआधी ती छापणं तेव्हा गुन्हा होता.

डॉट इन नावांचा तंटा दिल्लीच्या निक्सीकडे, म्हणजे ही नावं सांभाळणाऱ्या संस्थेकडे जातो. ते लवाद नेमतात आणि सगळं काम ईमेलवर चालतं. मी कोर्टात उभं राहायची तयारी केली होती, पण घरातून कुठे हलावंच लागलं नाही. तीन गोष्टी दाखवायच्या असतात : डोमेन आपल्या नावासारखंच आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलंय किंवा वापरतोय. डीलरने उत्तर दिलं, की मी यांचा अधिकृत विक्रेता होतो, यांच्याच मालासाठी डोमेन घेतलं. ऐकायला पटण्यासारखं होतं, पण त्या डोमेनवरून जिथे जायचं तिथे आमचं एकही पाकीट नव्हतं. तारखेसकट स्क्रीनशॉट होते, ठाण्याच्या बाईंचं पार्सल होतं, आणि साठ हजारांचा मेसेज तर होताच. लवादाने डोमेन आमच्या नावे करायचा आदेश दिला. बुडालेल्या गिऱ्हाइकांची भरपाई तिथे मिळत नाही. तिच्यासाठी कोर्टात जावं लागतं, आणि आम्ही गेलो नाही.

जाहिरातीचं प्रकरण वेगळंच निघालं. गूगलकडे ट्रेडमार्कची तक्रार करायचा फॉर्म असतो. नोंदणी क्रमांक आणि त्या जाहिरातीचा तपशील भरला, आणि आठवड्याभरात त्याच्या मथळ्यातून आमचं नाव गेलं. खरोखर आमचा माल विकणाऱ्याला नाव वापरायची मुभा असते, पण त्याच्याकडे मालच नव्हता. मी म्हटलं, आता कीवर्डही काढायला लावू, म्हणजे ज्या शब्दाच्या शोधावर जाहिरात दिसावी म्हणून गूगलला पैसे देतात तो शब्द. आमचं नाव शोधणाऱ्याला त्याची जाहिरातच दिसायला नको.

भाचा गप्प बसला. मग म्हणाला, "मावशी, आपण दिवाळीत काय केलं होतं?"

आम्ही एका मोठ्या मसाला कंपनीचं नाव कीवर्ड म्हणून विकत घेतलं होतं. वर जाहिरातीत लिहिलं होतं, 'त्यांच्यापेक्षा झणझणीत', नावानिशी. ती जाहिरात नामंजूर झाली होती. कीवर्ड मात्र चालू राहिला आणि त्यावर आम्हाला बऱ्यापैकी ऑर्डरी मिळाल्या होत्या. तेव्हा मला तो हुशारीचा धंदा वाटला होता.

कीवर्ड काढायला लावता येणार नाही, हे वकीलबाईंनीही सांगितलं. जाहिरातीच्या मजकुरातल्या नावाची तक्रार गूगल घेतं, कीवर्डची घेत नाही. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठाने म्हटलंय, की कीवर्ड म्हणून नाव घेणं हा ट्रेडमार्कचा वापर आहे खरा, पण तेवढ्यानेच उल्लंघन होत नाही. गिऱ्हाइकाची दिशाभूल होत असेल तर गोष्ट वेगळी. आता त्याच्या जाहिरातीत त्याचंच नाव आहे, मग दिशाभूल कसली म्हणायची?

डोमेन आता आमचं आहे, नूतनीकरण ऑटोवर टाकलंय. आईला हे पटत नाही. "दरवर्षी पैसे भरायचे तर आपलं काय झालं ते, भाड्याचंच की."

काल सहज आमचं नाव शोधलं. वर त्याची जाहिरात, तिच्याखाली आमची. आमच्याच नावासाठी एका क्लिकला आम्ही सात रुपये मोजतो. तो किती मोजतो, कोण जाणे.