ई-रीडर नंतर, आधी वीस पुस्तकांची यादी

पहिला ई-रीडर घेताना बहुतेक जण इंच, जीबी आणि किंमत यांची तुलना करत बसतात. मराठी वाचणाऱ्याने सुरुवात यंत्रापासून करूच नये. एक कागद घ्यावा, येत्या वर्षभरात खरोखर वाचायची आहेत अशी २० पुस्तकं त्यावर लिहावीत आणि पुढे चार रकाने आखावेत: किंडल स्टोअर (किंडल हा अमेझॉनचा ई-रीडर, हे त्याचं दुकान), बुकगंगा, गूगल प्ले बुक्स आणि ‘कायदेशीर मोफत’. मग एकेक नाव चारही ठिकाणी शोधून खूण करावी. नाव देवनागरीत टाइप करून बघावं आणि रोमन लिपीतही, कारण कित्येक मराठी पुस्तकांची नोंद इंग्रजी स्पेलिंगनेच केलेली असते. तास-दीड तासाचं काम आहे. ज्या रकान्यात खुणा जास्त, ते तुमचं दुकान. आणि दुकान ठरलं की यंत्र जवळजवळ आपोआप ठरतं.

याचं कारण असं, की छापील पुस्तक कुठूनही आणलं तरी एकाच कपाटात राहतं, ई-पुस्तकाचं तसं नाही. किंडल स्टोअरचं पुस्तक बहुतेक वेळा किंडलवर किंवा किंडलच्या ॲपमध्येच उघडतं. बुकगंगाचं ई-पुस्तक बुकगंगाच्या ॲपमध्ये वाचायचं असतं, ते किंडलवर चढवता येत नाही. गूगल प्ले बुक्सची कुलूपबंद (नक्कल करता येऊ नये म्हणून बंदिस्त केलेली) ईपब फाइल, म्हणजे ई-पुस्तकांच्या सर्वसाधारण स्वरूपातली फाइल, संगणकावरच्या अडोबी डिजिटल एडिशन्स या प्रोग्रॅममधून कोबो किंवा पॉकेटबुक या दुसऱ्या कंपन्यांच्या ई-रीडरवर नेता येते, किंडलवर नाही. अमेझॉनने भारतात मराठी ई-पुस्तकं २०१६ च्या डिसेंबरात सुरू केली (सोबत हिंदी, गुजराती, तमिळ आणि मल्याळम होत्या), तरी आजही अनेक नावाजलेली मराठी पुस्तकं एका दुकानात असतात आणि दुसऱ्यात नसतात. म्हणून यादी.

वीसपैकी बारा-तेरा खुणा किंडलच्या रकान्यात आल्या तर किंडल घ्यावं, फार विचार करू नये. बुकगंगाच्या रकान्यात आल्या तर किंडल घेऊन पस्तावाल. तिथे आधी हातातल्या फोनवर किंवा टॅबलेटवर दोन पुस्तकं पूर्ण वाचून बघावीत. डोळ्यांना खरंच त्रास होत असेल तरच ओनिक्स बूक्ससारखा अँड्रॉइडवर चालणारा ई-इंक (कागदासारखा दिसणारा पडदा असलेला) रीडर बघावा, कारण त्यावर कोणतंही ॲप बसतं. त्याची बॅटरी मात्र साध्या ई-रीडरइतकी टिकत नाही, आणि वर-खाली सरकवायच्या ॲपमध्ये आधीच्या पानाचे डाग मागे रेंगाळतात. कोबो फार चांगलं यंत्र आहे, पण त्यात देवनागरीसाठी खटपट करायची तयारी हवी, आणि बाहेरून मागवलं तर दुरुस्ती आपल्यालाच बघावी लागते.

यंत्रापेक्षा पुस्तकाची फाइल जास्त वेळा दगा देते. म्हणून विकत घेण्याआधी मोफत नमुना उतरवायचाच, आणि नमुन्यात गोष्ट न वाचता अक्षरं वाचायची. पहिली परीक्षा अर्ध्या र ची. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ असे शब्द शोधा. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या प्रमाण पद्धतीत, हा अर्धा र दोन पद्धतींनी लिहिला जातो: नुक्त्याचा ऱ घेऊन, किंवा साधा र, हलंत आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालून. फाइल एका रूपातून दुसऱ्या रूपात जाताना हे अदृश्य चिन्ह गळालं, की अर्ध्या र चा रफार होतो आणि ‘दुसर्या’ असं दिसू लागतं. हा फरक नुसता दिसण्याचा नाही. ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना आणि ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना. दुसरी परीक्षा जोडाक्षरांची: ‘उद्ध्वस्त’, ‘वाङ्मय’, ‘शृंगार’. तिसरी, ‘मूर्तींचं’ सारख्या शब्दाची, जिथे एकाच अक्षरावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार तिन्ही बसतात. चूक एकाच पुस्तकात दिसली तर दोष फाइलचा, सगळ्या पुस्तकांत दिसली तर यंत्रातल्या फॉन्टचा. फाइलचा दोष असेल तर प्रकाशकाला जरूर कळवावं, कारण सुधारलेली फाइल पुन्हा चढवता येते. ल आणि श हिंदी वळणाचे दिसले तर डोळ्याला खटकतं, पण ती चूक नव्हे. फॉन्ट बदलला की ते जातं.

दुसरी गोष्ट बघायची ती फाइलचा आकार. दुकानाच्या पानावर खाली तपशिलात तो दिलेला असतो. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह साठवायला ३ बाइट लागतात. साठ हजार शब्दांची कादंबरी धरली आणि शब्दाला सरासरी सहा चिन्हं, तर हिशेब साधारण १ एमबीचा होतो. मुखपृष्ठ वगैरे धरून दोन-तीन एमबी. चित्रं नसलेली दोनशे पानांची कादंबरी ४० एमबीची दिसली, तर आत मजकूर नाही, पानांचे फोटो आहेत असं समजावं. अशा पुस्तकात अक्षर मोठं करता येत नाही, शब्द शोधता येत नाही. पैसे देऊ नयेत.

हाच प्रश्न पीडीएफचा, आणि मराठीत मोफत मिळणारं बरंचसं साहित्य पीडीएफमध्येच आहे. ६ इंची पडदा कर्णात ६ इंच असतो, रुंदी ३.६ इंच, उंची ४.८. डेमी आकाराचं मराठी पुस्तक साडेपाच इंच रुंद. त्याचं पान पडद्याच्या रुंदीत बसवलं की १२ पॉइंटचं अक्षर ८ पॉइंटच्याही खाली येतं. ए-फोर पानाचं तर ५ पॉइंट होतं, म्हणजे औषधाच्या बाटलीवरच्या मजकुराएवढं. उपाय आहे. डेमी पानावर प्रत्यक्ष मजकूर चार इंचांच्या आसपास असतो, बाकी समास. समास कापले की तेच अक्षर साडेदहा पॉइंटवर येतं आणि आरामात वाचता येतं. यासाठी के-टू-पीडीएफ-ऑप्ट हा मोफत प्रोग्रॅम संगणकावर चालवावा. त्यात फक्त समास कापायचा पर्याय निवडावा. ओळी तोडून नव्याने मांडण्याचा पर्याय स्कॅन केलेल्या देवनागरीवर शिरोरेघेमुळे आणि वरखाली लागणाऱ्या मात्रांमुळे बऱ्याचदा गडबडतो. दोन रकान्यांचे दिवाळी अंक मात्र ६ इंचावर वाचायचा हट्ट धरू नये. त्यांना १० इंची टॅबलेटच हवा.

पीडीएफचं ईपब करून घेऊ, असं वाटणं साहजिक आहे, पण आधी एक तपासणी करा. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून कोऱ्या फाइलमध्ये चिकटवा. देवनागरी उमटली तर आशा आहे. रोमन अक्षरांची खिचडी उमटली तर मूळ मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेला आहे. रूपांतर करून तीच खिचडी हाती येईल. काहीच कॉपी झालं नाही तर ती पानांची छायाचित्रं आहेत.

कायदेशीर मोफत रकान्यात काय येतं हेही नीट समजून घ्यावं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षांनी पुस्तक सर्वांना खुलं होतं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ च्या १ जानेवारीपासून मोकळं आहे. हरिभाऊ आपटे, लक्ष्मीबाई टिळक यांचंही. पण नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा आणि अनुवाद यांचे हक्क वेगळे असतात. अशी पुस्तकं मराठी विकिस्रोतवर मिळतात, आणि तिथून थेट ईपब उतरवता येतं. उतरवण्याआधी पानांच्या खुणांचे रंग बघा: लाल म्हणजे तपासायचं बाकी, पिवळं म्हणजे एकदा तपासलेलं, हिरवं म्हणजे दुसऱ्याने पडताळलेलं. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तकंही संकेतस्थळावर मोफत आहेत, आणि ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या संमतीने पुस्तकं देतं. या तिन्हींकडे इतकं आहे की टेलिग्रामवर फिरणाऱ्या चोरीच्या पीडीएफला हात लावायची गरज नाही. मराठी पुस्तकाची आवृत्तीच हजार-अकराशे प्रतींची निघते. शंभर वाचकांनी चोरीची प्रत वाचली तरी पुढची आवृत्ती निघणं अवघड होतं.

मोफत उतरवलेली ही ईपब किंडलवर पाठवायची रीत सोपी आहे, पण पहिल्या वेळी एक पायरी हमखास राहते. अमेझॉनच्या खात्यात ‘मॅनेज युवर कंटेंट अँड डिव्हायसेस’ उघडा, ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘पर्सनल डॉक्युमेंट सेटिंग्ज’ गाठा. तिथे तुमच्या किंडलचा स्वतःचा ईमेल पत्ता दिसेल. त्याच्याच खाली मान्यताप्राप्त पाठवणाऱ्यांची यादी आहे. तिच्यात तुमचा नेहमीचा ईमेल घातला नाही तर फाइल पोचत नाही. ईमेलने ५० एमबीपर्यंत जातं, ‘सेंड टू किंडल’च्या वेबपानावरून २०० एमबीपर्यंत. ईपब २०२२ पासून थेट चालतं, किंडलच्या जुन्या मोबी स्वरूपात बदलत बसू नये. ईपब नाकारलं गेलं तर बहुतेक वेळा फाइलच्या आतली रचना बिघडलेली असते. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेला कॅलिबर हा मोफत प्रोग्रॅम घ्या, त्यात ईपबचं पुन्हा ईपबच रूपांतर करा आणि पाठवा. त्याच वेळी माहितीच्या चौकटीत भाषा ‘मराठी’ निवडा. तिथे इंग्रजी राहिली तर मराठी शब्दावर बोट ठेवल्यावर इंग्रजी कोश उघडतो.

कोबोवाल्यांनी यंत्र केबलने जोडून मुळाशी ‘फॉन्ट्स’ नावाचा फोल्डर करावा आणि त्यात ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ किंवा दुसरा चांगला देवनागरी फॉन्ट टाकावा. तरीही जोडाक्षरं फुटलेली दिसली तर केओरीडर हा वाचायचा मोफत प्रोग्रॅम बसवावा. तो देवनागरी नीट जुळवतो, आणि पीडीएफचे समास कापायची सोयही त्यात आहे.

आता यंत्र. मराठीसाठी एकच आकडा महत्त्वाचा, ३०० पीपीआय (पडद्याच्या एका इंचातले ठिपके). जुन्या १६७ पीपीआयच्या पडद्यावर १० पॉइंटच्या अक्षराला उभ्यात जेमतेम २३ ठिपके मिळतात, ३०० वर ४२. रोमन लिपी २३ ठिपक्यांत भागवून नेते. आपल्याला त्यातच शिरोरेघ, वरचा रफार-अनुस्वार आणि खालचा उकार बसवायचा असतो. २०१९ चं साधं किंडल १६७ चं, २०२२ चं ३०० चं, म्हणून जुनं यंत्र घेताना वर्ष विचारा. रंगीत पडद्यात रंगीत भाग १५० पीपीआयचा असतो आणि वरच्या गाळणीमुळे पान थोडं काळवंडतं. कादंबऱ्या वाचणाऱ्याला तो नको. जागेची चिंता नको, १६ जीबीत हजारो मराठी पुस्तकं मावतात. बॅटरी ‘सहा आठवडे’ असं लिहिलेलं असतं, पण तो हिशेब रोज अर्धा तास आणि वाय-फाय बंद असा आहे, म्हणजे २१ तास. रोज दोन तास वाचणाऱ्याने दहा दिवस धरावेत.

बिघाडांत पहिला नंबर पडद्याचा. ई-इंकच्या मागे बहुतेक वेळा पातळ काच असते, आणि ती पडून जितकी फुटते तितकीच दाबाने फुटते. पिशवीत डबा आणि रीडर एकमेकांना टेकले, लोकलची गर्दी झाली, की पडद्याचा एक पट्टा कायमचा गोठतो, आणि ते वॉरंटीत बसत नाही. टणक कव्हर यंत्रासोबतच घ्यावं. यंत्र संगणकाला दिसत नसेल तर आधी केबल बदला, नुसती चार्जिंगची केबल डेटा नेत नाही. २०२४ ची किंडलं मॅकवर ड्राइव्ह म्हणून उघडत नाहीत, त्यांना वेगळा प्रोग्रॅम लागतो. पहिल्याच दिवशी ३०० पुस्तकं टाकलीत तर यंत्र त्यांची सूची करत बसतं आणि बॅटरी दोन दिवसांत उतरते; तो दोष नाही. आणि वाचन थांबणार असेल तर अर्धी बॅटरी भरून ठेवावी, रिकामी करून खणात टाकू नये.

खरेदीबद्दल एक गोष्ट स्पष्ट माहीत असावी. कुलूपबंद ई-पुस्तक घेतलं की मिळतो तो वाचायचा परवाना. २००९ च्या जुलैत अमेझॉनने जॉर्ज ऑरवेलची दोन पुस्तकं ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसली होती, कारण विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. पैसे परत दिले. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा विकलेली पुस्तकंही उघडेनाशी झाली, तिथेही पैसे परत मिळाले. विकत घेतलेलं किंडल पुस्तक संगणकावर उतरवून केबलने यंत्रात टाकायची सोय २०२५ च्या २६ फेब्रुवारीला बंद झाली. म्हणून जन्मभर जवळ हवीत ती पुस्तकं छापील घ्यावीत, आणि खुणा-टिपांची ‘माय क्लिपिंग्ज’ ही फाइल दर दोन महिन्यांनी संगणकावर उतरवावी.

परदेशातल्या मराठी वाचकांनी खातं कोणत्या देशाच्या दुकानाला जोडलंय ते पहिल्या खरेदीआधी तपासावं. एकाच ईमेलवर भारताचं आणि अमेरिकेचं अशी दोन्ही दुकानं वापरली तर पुस्तकं दोन कपाटांत विभागली जातात आणि यंत्राला एका वेळी एकच कपाट दिसतं.

पहिली खरेदी दीड-दोनशे पानांच्या गद्याची करावी, कवितासंग्रहाची नको. अक्षर मोठं केलं की कवितेची ओळ मोडून उरलेला शब्द खालच्या ओळीत एकटा पडतो, आणि ती कवीची ओळ की पडद्याची, हे कळत नाही. ओवी-अभंग आखूड ओळींचे, ते ६ इंचात बसतात. लांब ओळीच्या गझलेसाठी पडदा आडवा करून नमुना वाचून बघावा. तरीही शेर दोन ओळींत उभा राहत नसेल तर तो संग्रह कागदावरच घ्यावा.