साडेपाच ते सात

रविवार, रात्री

सोसायटीची सभा आजही पार्किंगवरून सुरू झाली आणि पार्किंगवरच संपली असती. मध्येच मी मुलांचा विषय काढला. मागच्या अंगणात संध्याकाळी साडेपाच ते सात गाड्या लावू नका, एवढंच मागणं. त्यावर एक गृहस्थ म्हणाले, "आजी, हल्लीची पोरं मोबाईलमधून डोकं वर काढत नाहीत, त्यांना जागा देऊन काय करायचंय?" त्यांचीच गाडी तिथे असते.

मोबाईलला शिव्या घालणं सोपं आहे. आमच्याकडे आधी मातीवर फरशी बसली, मग गाड्या आल्या, मग ‘बॉल खेळण्यास सक्त मनाई’ ही पाटी लागली. पोरांनी घर धरलं ते त्यानंतर. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्ही भारताने जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्रातले. बिल्डिंगमधल्या झाडून सगळ्यांनी स्टेटस ठेवले. इथल्या फरशीवर एकाने खो देऊन दाखवावा, गुडघे सोलवटून निघतील.

नातवाला यंदा चष्मा लागला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंबर लिहून देता देता सांगितलं, रोज दोनेक तास उघड्यावर जाऊ दे. तैवानमध्ये २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर काढायची मोहीमच आहे, याच कारणासाठी. डोळा लांबट झाला की लांबचं धूसर दिसतं, आणि मोकळ्या उजेडाने वाढत्या वयात त्याला आळा बसतो. ऊनच हवं असं नाही, ढगाळ दिवशीही बाहेर घरातल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट उजेड असतो.

सून म्हणते, "आई, तो फुटबॉलला जातो की." जातो. टर्फवर, पैसे भरून. सर शिट्टी मारतात, त्याच्याच वयाची पंधरा-वीस पोरं तिथे ओळीत उभी असतात. तेही चांगलंच. पण आमच्या वाड्यात चार वर्षांच्या शेंबड्या भावंडाला कडेवरून उतरवून "हा कच्चं लिंबू" म्हणून खेळात घेत. तो आउट होत नसे, त्याच्यावर राज्य येत नसे, तरी जीव तोडून पळे. हा नियम कुठल्या मोठ्या माणसाने केलेला नव्हता. सातवीतली मुलगी पंच, तिने दिलेला निकाल मान्य नसेल तर भांडण, भांडण मिटलं नाही तर खेळ बंद. आणि खेळ बंद पडायला नको म्हणून भांडण मिटे. हे कुठल्या क्लासमध्ये शिकवणार?

गुरुवार

गाड्या हलल्या. दोन सोडून. मी पावडरचा रिकामा डबा घेऊन खाली गेले, डबा ऐसपैस कसं खेळतात ते सांगितलं आणि बाकावर जाऊन बसले. पहिली दहा मिनिटं पोरं माझ्याकडेच बघत होती, आता पुढे काय करायचं म्हणून. मी भाजी निवडत राहिले.

मग कुणीतरी डब्याला लाथ घातली. तो घरंगळत थेट वॉचमनच्या केबिनखाली गेला, राज्य असलेली मुलगी पालथी पडून हाताने तो ओढतेय, तोवर सगळे पसार! एक बारकी गोष्ट मी मुद्दाम सांगून ठेवली होती: शर्ट बदलून लपायचं. लांबून नाव चुकीचं पुकारलं की अंडं फुटतं आणि राज्य पुन्हा त्याच्यावरच. अर्ध्या तासात दोघांनी जिन्याखाली टी-शर्टांची अदलाबदल केली. नातू दुसऱ्याच्या ढगळ पिवळ्या टी-शर्टात, चष्मा काढून खिशात. ओळखू येऊ नये म्हणून! तिसऱ्या मजल्यावरून एका आईने हाक मारली, "अरे, शर्ट कुणाचा घातलायस?" झालं, सगळ्यांचं बिंग फुटलं.

दोघांचं जुंपलंही. एक बाबा तरातरा खाली आले. मी म्हटलं, "बसा हो जरा." बसले, पण बाकाच्या कडेवर.

आठवडाभर मी खाली बसणार. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या विंगमधल्या आजोबांची पाळी, त्यांना आज गाठलंच. कोणीतरी मोठं नजरेसमोर आहे म्हटलं की आया निर्धास्त सोडतात. बसणाऱ्याने मात्र खेळात नाक खुपसायचं नाही, हे त्यांना दोनदा बजावलं. ते निवृत्त मुख्याध्यापक आहेत, म्हणून.

सेक्रेटरींचा फोन आला. काच फुटली तर भरून कोण देणार, लेखी द्या म्हणतात. देते. फक्त आधी ती पाटी काढा म्हणणार आहे, पाना-स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे आहे.