भाऊबीज, साडेसात आणि साडेआठ

२०२४ च्या दसऱ्याला, म्हणजे १२ ऑक्टोबरला, मी अमेरिकेतल्या कॉलेजचा पहिला अर्ज पाठवला. मुदत १ नोव्हेंबरपर्यंत होती, पण आई म्हणाली, मुहूर्त चांगला आहे, आजच पाठव. दहाएक दिवसांनी ऑनलाइन मुलाखतीसाठी त्या कॉलेजच्या एका माजी विद्यार्थ्याची ईमेल आली. मला ती दिसली चौथ्या दिवशी, स्पॅममध्ये. तोपर्यंत मला रोज वाटत होतं की आपल्याला कोणी विचारलेलंच नाही.

तिकडच्या बऱ्याच कॉलेजांत बारावीनंतरच्या प्रवेशासाठी माजी विद्यार्थी मुलाखत घेतात. ही पगारी माणसं नसतात. आपली नोकरी, घर, मुलंबाळं सांभाळून वर्षाला काही मुलांशी बोलतात आणि कॉलेजला त्याबद्दल लिहून कळवतात. एमआयटी किंवा येलच्या मुलाखतकारांना आपला अर्ज, निबंध, मार्क यातलं काहीच वाचायला मिळत नाही. त्यामुळे 'अर्जात लिहिलंच आहे' असं म्हणून गप्प बसता येत नाही, पहिल्यापासून सांगावं लागतं. पद्धत जागोजागी वेगळी. जॉर्जटाउनला तेव्हा आधी एक छोटा फॉर्म भरून द्यावा लागायचा, मग मुलाखतकार नेमला जायचा. ब्राउनने माजी विद्यार्थ्यांच्या मुलाखती बंदच केल्यात, तिथे स्वतःचा छोटा व्हिडिओ पाठवता येतो. बाकी बऱ्याच ठिकाणी मुलाखत मागून मिळत नाही. आपल्या भागात कोणी मोकळं असेल तर बोलावणं येतं. आलं नाही तर अर्जाचं त्यामुळे नुकसान होत नाही, असं कॉलेजंच सांगतात. कोल्हापूरसारख्या गावातल्या मुलांनी हे मनावर ठसवून घ्यावं, कारण आपल्याकडे असे माजी विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नसतात आणि बोलावणं आलं नाही की आपण लगेच स्वतःला कमी समजू लागतो.

तर ती ईमेल. गृहस्थ ओहायोत राहणारे, म्हणजे अमेरिकेच्या पूर्वेकडच्या वेळेत. त्यांनी तीन वेगवेगळ्या वेळा सुचवल्या होत्या आणि लिहिलं होतं की यातली कोणतीच जमत नसेल तर मोकळेपणाने सांग. पहिली वेळ रविवार, ३ नोव्हेंबर, त्यांच्या सकाळी दहाची. त्या दिवशी आमच्याकडे भाऊबीज. गारगोटीहून दादा येणार होता. उरलेल्या दोन वेळाही मला चालण्यासारख्या होत्या. पण एवढा मोठा माणूस आपल्यासाठी वेळ काढतोय, त्याला सण आहे म्हणून कसं सांगायचं? मी 'रिस्पेक्टेड सर' अशी सुरुवात करून 'एनी टाइम इज फाइन' असं लिहून पाठवलं. भीड, दुसरं काही नाही. त्यांनी अर्थातच पहिली वेळ पक्की केली.

अमेरिकेच्या पूर्वेकडची घड्याळं आपल्या साडेनऊ तास मागे, हे मी ऑक्टोबरभर पाठ केलं होतं. कॉलेजच्या ऑनलाइन माहितीसत्रांना बसून बसून ते अंगवळणी पडलं होतं. त्यांचे सकाळचे दहा म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. मी सात वाजल्यापासून तयार. आतल्या खोलीत टेबल भिंतीकडे वळवलेलं, पप्पांच्या दूध संस्थेच्या वह्या बाजूला सारलेल्या, दारावर 'आत येऊ नये' अशी चिठ्ठी. साडेसात झाले. पडद्यावर कोणी नाही. पावणेआठ झाले. आठला पाच कमी असताना मी एक अदबशीर ईमेल पाठवली. बाहेर दादा, वहिनी, त्यांचं लहान बाळ, सगळे ताटकळलेले. सव्वाआठला मी लॅपटॉप मिटला, साडी नेसले आणि ओवाळायला बसले. डोळे भरून आले होते, पण सणाच्या दिवशी कोणाला दिसू नयेत म्हणून निरांजनाकडे बघत राहिले.

फोन आतच होता. आठ पन्नासला बघितला तर तीन ईमेल. पहिली आठ वाजून बत्तीस मिनिटांची: मी आलोय, तू दिसत नाहीस. दुसरीत लिहिलं होतं, काही अडचण आहे का? तिसरीत, काळजी करू नकोस, नंतर ठरवू.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोन वाजता अमेरिका घड्याळं एक तास मागे घेते. २०२४ मध्ये तो रविवार म्हणजेच ३ नोव्हेंबर. साडेनऊ तासांचं अंतर त्या दिवसापासून साडेदहा झालं होतं. माझी मुलाखत साडेसातला नव्हतीच, साडेआठला होती. पुढे मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते अंतर परत साडेनऊवर येतं. हे मला दहा लोकांपैकी एकानेही सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

हातपाय गार पडले. आता कोणत्या तोंडाने लिहायचं, असं वाटून मी फोन उलटा करून ठेवला. दादाने विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग लिही की आत्ताच. उद्या लिहिलंस तर त्येला वाटंल, पोरगी आलीच न्हाई. काय खातोय व्हय तुला?" मी चार ओळी लिहिल्या. घड्याळ बदलल्याचं माझ्या लक्षात आलं नाही, चूक माझी आहे, तुमची सकाळ वाया गेली त्याबद्दल मनापासून माफी मागते, तुम्हाला पुन्हा वेळ देता आला तर मी कधीही येईन, नाही जमलं तरी समजून घेईन. कारणं दिली नाहीत. दहा मिनिटांत उत्तर आलं. त्यांच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ अजून जुनीच वेळ दाखवत होतं म्हणे. आणखी अर्ध्या तासाने जमेल का?

साडेनऊला आम्ही बोललो. मी साडीतच होते. त्यांनी विचारलं, आज काही विशेष आहे का, आणि मी भाऊबीज सांगितली. ते लगेच म्हणाले, मग दुसरी वेळ का नाही मागितलीस? या प्रश्नाचं माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलाखत चाळीस मिनिटं चालली. दूध संस्थेत फॅट आणि एसएनएफच्या (फॅट सोडून दुधातल्या बाकीच्या घन भागाच्या) नोंदींसाठी मी पप्पांना संगणकावर तक्ता करून दिला होता, त्यावरच निम्मा वेळ गेला. म्हशीच्या आणि गायीच्या दुधाचा दर वेगळा का, हे त्यांना सविस्तर हवं होतं. त्या कॉलेजने मला डिसेंबरमध्ये नकार कळवला. पण त्या गृहस्थांचा चांगुलपणा मी विसरणार नाही.

एवढं होऊनही माझी भीड एका दिवसात गेली नाही. जानेवारीत दुसऱ्या एका कॉलेजच्या मुलाखतीसाठी पुण्यातल्या मॅडमनी प्रभात रोडवरच्या कॅफेत भेटू या का, असं विचारलं आणि मी हो म्हणून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी कॉलेजची सराव परीक्षा होती, रसायनशास्त्राची. पहाटे पाचच्या एसटीने पप्पा आणि मी निघालो. कागल ते सातारा रस्त्याच्या सहापदरीकरणाचं काम चालू होतं, त्यामुळे गाडी कुठे किती थांबेल याचा नेम नव्हता. स्वारगेटला उतरेपर्यंत अकरा वाजून गेले. पप्पा कॅफेत आले नाहीत, समोरच्या झाडाखाली थांबले. पालकांनी मुलाखतीत बसू नये हे खरं, पण त्यांनी बाहेर उभं राहायची गरज नव्हती.

मॅडम इंग्रजीतच बोलल्या. संपल्यावर मात्र मराठीत म्हणाल्या, "कोथरूडहून आलीस का?" मी कोल्हापूर म्हटल्यावर त्या गप्पच झाल्या. मुलाखतकाराला फक्त नाव, शाळा आणि संपर्क दिलेला असतो. माझ्या कॉलेजच्या नावात गावाचा पत्ताच नव्हता. "अगं, एक ओळ लिहायचीस ना. मी ऑनलाइन घेतली असती," त्या म्हणाल्या आणि बाहेर जाऊन पप्पांना चहाला आत घेऊन आल्या.

तिसरी मुलाखत एमआयटीची. त्यांच्याकडे मुलाखतकार स्वतःच संपर्क करतात. त्यांनी सुचवलेली वेळ माझ्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी येत होती. बारावीची प्रात्यक्षिकं त्या वर्षी २४ जानेवारीला सुरू झाली. या वेळी मी लिहिलं: त्या दिवशी बोर्डाची परीक्षा आहे, त्याऐवजी खालच्या तीनपैकी एखादी वेळ तुम्हाला जमेल का? प्रत्येक वेळेपुढे वार, तारीख, माझी वेळ आणि त्यांची वेळ असं सगळं लिहिलं. 'आयएसटी' न लिहिता 'भारतीय वेळ' असं पूर्ण लिहिलं, कारण इस्रायल आणि आयर्लंडची वेळही त्याच अक्षरांनी लिहितात. उत्तर एका ओळीत आलं, दुसरी वेळ चालेल. बस्स, एवढंच. यासाठी मी तीन महिने घाबरत होते.

एमआयटी आपला निकाल १४ मार्चला, तिकडच्या संध्याकाळी ६ वाजून २८ मिनिटांनी लावते. आपल्याकडे १५ मार्चच्या पहाटेचे ३ वाजून ५८. तोवर त्यांची घड्याळं पुन्हा पुढे गेली होती, आणि या वेळी मी गजर बरोबर लावला होता. आदल्या दिवशी धुळवड झाली होती, पण कोल्हापुरात खरा रंग रंगपंचमीला, त्यामुळे गल्ली शांत होती. नकार होता. पप्पा उठून बसले होते, त्यांनी चहा टाकला. पुण्याच्या मॅडमच्या कॉलेजकडून पुढच्याच आठवड्यात प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीसह. मुलाखतीमुळे मिळाला असं मी म्हणणार नाही. ती मोठ्या अर्जाचा एक छोटा भाग असते.

मध्यंतरी गडहिंग्लजच्या एका मुलीने पहिल्या मुलाखतीचं उत्तर पाठवण्याआधी मला दाखवलं. 'एनी टाइम इज फाइन, सर' असं होतं त्यात. मी तिला विचारलं, तुला खरंच कधीही जमतं? ती म्हणाली, नाही ताई, बुधवारी आणि शुक्रवारी क्लास असतो, आणि रात्री दहानंतर घरातले झोपतात, एकच खोली आहे. आम्ही ती ओळ खोडली आणि शनिवारच्या दोन, रविवारची एक अशा तीन वेळा लिहिल्या. तिचे मुलाखतकारही ओहायोतलेच. ओहायो कुठल्या वेळेत येतं, ते तिने स्वतः शोधून काढलं.