दोन फाळी नांगर: पुढची बॉडी तेरा आट्यांची, मागची बारा

मंडळी, भंगारातून आणलेल्या त्या दोन फाळी नांगराचं कोडं सुटलं. अस्सल फर्ग्युसन (त्या नावाच्या जुन्या विलायती ट्रॅक्टरबरोबरचं अवजार) की देशी नक्कल, यावर आपल्यात बराच वाद झाला होता. दोन्ही बाजू बरोबर निघाल्या! सांगाडा, क्रॉस शाफ्ट (ट्रॅक्टरला जोडणारा आडवा दांडा) आणि पुढची बॉडी (फाळ आणि माती पलटवणारा मोल्डबोर्ड मिळून होणारा भाग) फर्ग्युसनची. मागची बॉडी आपल्याकडच्या कुठल्यातरी फाउंड्रीत ओतलेली, आणि ती इतक्या नेटकेपणाने बसवलीय की लांबून फरक कळत नाही.

मागच्या वेळी घोडं अडलं होतं ते मॉडेल क्रमांकाच्या पाटीपाशी. पाटी असती तर प्रश्नच नव्हता. १०-एई-२८ वाचलं की दहा इंची तासाचा दोन फाळी नांगर, १२-एई-२८ म्हणजे बारा इंची, विषय संपला. इथे पाटीच्या जागी रिव्हेटची दोन रिकामी भोकं. भंगारात लोखंड सोडून जे काही निघतं ते वेगळं काढून विकतात, त्यामुळे पाटी शाबूत असलेलं अवजार हाती लागणं हे नशिबाचं काम. मापांवरून ओळख पटवायला आपण शिकलंच पाहिजे.

तर मापं. नांगर अडकतो तो ट्रॅक्टरच्या लिंकेजला, म्हणजे मागच्या तीन जोडदांड्यांना. त्यांच्यासाठीच्या खालच्या पिना व्हर्नियरवर साडेएकवीस मिमीच्या आसपास भरल्या. झीज धरली की मूळ माप ७/८ इंच, म्हणजे २२.२ मिमी. आज आपण ज्याला कॅटेगरी वन (छोट्या ट्रॅक्टरांचं जोडमाप) म्हणतो तेच, आणि ते माप मुळात फर्ग्युसनच्याच लिंकेजवरून आलेलं आहे. टॉपलिंकचं, म्हणजे वरच्या जोडदांड्याचं, भोक मात्र २५ मिमीच्या वर. तेवढ्यावरून काहींनी 'हा मोठ्या ट्रॅक्टरचा नांगर' असा निकाल देऊन टाकला होता. भोकात तिरका टॉर्च धरून बघितलं तर ड्रिल मारल्याच्या ताज्या रेघा दिसल्या, आणि एका बाजूला जुन्या भोकाची चंद्रकोर शिल्लक होती. तिच्यावर कागद दाबून ठसा घेतला, कंपासने गोल पुरा केला. व्यास १९ मिमीच्या जवळ आला, म्हणजे ३/४ इंच. खालच्या पिनांवरही पाइपचे तुकडे चढवून वेल्ड केल्याच्या खुणा आहेत. म्हणजे नांगर आधी छोट्या ट्रॅक्टरमागे चालला आणि नंतर कुणीतरी तो मोठ्या ट्रॅक्टरच्या, म्हणजे कॅटेगरी टूच्या लिंकवर बसवला.

क्रॉस शाफ्टने उरलीसुरली शंका घालवली. दोन्ही टोकं क्रँकसारखी वळलेली, लिव्हरने फिरवला की पुढच्या तासाची रुंदी कमी-जास्त होते. अर्थात फिरेल तेव्हा! पार जाम होता. डिझेलमध्ये ऑइल मिसळून सोडत राहिलो, मग गॅसचा हलका शेक दिला आणि लिव्हरला लांब पाइप लावून मागेपुढे हलवला. कट् असा आवाज झाला आणि शाफ्ट फिरला. त्या आवाजासाठी माणूस हा नाद करतो.

आता गंजाविषयी, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून अवजार चकचकीत करणारे बरेच आहेत आपल्यात. ओळख पटेपर्यंत तरी ते करू नका, ही माझी कळकळीची विनंती. ओतीवावरची उठावाची अक्षरं मिलिमीटरभराचीसुद्धा नसतात. ब्रश गंजाबरोबर त्यांच्या कडाही खातो. मी काकवी वापरतो. एक भाग काकवी, नऊ-दहा भाग पाणी, प्लास्टिकच्या पिंपात भाग बुडवून ठेवायचे आणि विसरून जायचं. आठवड्यांचं काम आहे, वास घराबाहेरचाच सहन होतो, पण गंज सुटतो आणि खालचं लोखंड जसंच्या तसं राहतं. अॅल्युमिनियम मात्र त्यात चुकूनही जाऊ देऊ नका, खाऊन टाकतं. ऑनलाइन मिळणारं बाटलीतलं गंजनाशक एकदा आणलं होतं. काम करतं, पण नांगर बुडेल एवढं घ्यायचं तर नांगरापेक्षा महाग.

घोळ घातला होता तो बॉड्यांनी. दोन्ही दहा इंची, दोन्ही सांगाड्याला तंतोतंत बसतात. पण मागचा मोल्डबोर्ड पुढच्यापेक्षा आखूड आणि उभा. झीज आहे म्हणावं तर झिजलेला मोल्डबोर्ड पुढच्या कडेला, फाळाच्या सांध्याजवळ पातळ पडतो. हा कडेपर्यंत एकसारखा जाड. शिवाय मागून त्याला लोखंडी पट्टीचा टेकू दिलेला, जो पुढच्या बॉडीला नाहीच.

टेकू काढला तर त्याचा बोल्ट थेट ओतीवात आटे पाडून बसवलेला निघाला. पुरावा हवा होता तो इथे मिळाला. सुटे बोल्ट काही सिद्ध करत नाहीत, सत्तर वर्षांत कुणीही कुठलाही बोल्ट घातलेला असू शकतो. ओतीवात पाडलेला आटा मात्र ज्याने ओतीव घडवलं त्याच्याच टॅपचा असतो.

माझ्या टीईडीवर (फर्ग्युसनच्या टीई-२० ट्रॅक्टरचा एक प्रकार) लिंकेजचे नट-बोल्ट एएफ (इंची मापाच्या) पान्याने सुटतात, आटे अमेरिकी धाटणीचे, यूएनसी. आपल्याकडच्या जुन्या वर्कशॉपांत चालायचं व्हिटवर्थ, ही आट्यांची जुनी इंग्रजी पद्धत. पंचाईत अशी की ५/८ इंचाला दोन्हीकडे इंचात ११ आटे, ३/४ ला दोन्हीकडे १०. फरक फक्त कोनाचा, ५५ अंश आणि ६० अंश, जो गंजलेल्या भोकात डोळ्यांना दिसत नाही. नट दोन्हीकडे चढतो आणि माणूस फसतो. अर्धा इंचच तेवढा खरं बोलतो: व्हिटवर्थला १२ आटे, यूएनसीला १३. आणि टेकूचा बोल्ट नेमका अर्धा इंची!

भोक बंद असल्याने आटे मोजायचं गेज आत जाईना. मग भोकाला तेल लावलं, एम-सील मळून आत दाबलं, मधोमध एक खिळा खोचला आणि कडक झाल्यावर खिळ्यासकट फिरवत बाहेर काढलं. आट्यांचा स्वच्छ ठसा आला. गेजची बाराची पट्टी त्यावर बसली, तेराची बसेना. तरी खात्री म्हणून आमच्या लेथवाल्या मिस्त्रींकडे बॉडी घेऊन गेलो. त्यांनी व्हिटवर्थचा जुना टॅप काढून हातानेच फिरवला, तो तळापर्यंत गेला. यूएनसीचा टॅप दुसऱ्या-तिसऱ्या आट्यालाच अडकला. मिस्त्री म्हणाले, "दादा, हे आपल्याच मातीतलं काम आहे, विलायतेचं नव्हं." सुटे बोल्ट पुरावा नव्हेत, तरी ताळा म्हणून पुढच्या बॉडीचे जुने, चौकोनी मानेचे बोल्ट काढून मोजले: १३.

आणि मग बॉडीची पाठ. काकवीतून काढून धुतली, वाळवली, खडू आडवा धरून घासला आणि संध्याकाळी तिरक्या उजेडात धरली. फ्रॉगच्या (मोल्डबोर्ड ज्यावर बसतो त्या ओतीवाच्या) मागे, बोल्टच्या भोकाशेजारी, बोटाच्या पेराएवढा आकडा उठला. देवनागरी दोन. ओतणाऱ्याने साच्यात स्वतःच्या हाताने कोरलेला, शेपटी जरा लांबवलेली. मागची बॉडी, म्हणून २.

आता हा आकडा बघितल्यापासून माझं मत पार बदललंय. आधी बेत असा होता की मागची बॉडी नक्कल निघाली तर काढून टाकायची आणि इंग्लंडहून जुनी मूळची मागवायची. टीई-२० कॉव्हेंट्रीत १९४६ ते १९५६ या काळात पाच लाखांच्या वर बनले, त्यामुळे तिकडे त्यांचे नांगर अजून मिळतात. महाग पडतं ते जहाजाचं भाडं. पण ही बॉडी नुसती नक्कल नाही. आपली काळी जमीन मोल्डबोर्डला चिकटते हे नांगरट केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. घासायला पृष्ठभाग जितका लांब तितका चिखल धरायला जागा जास्त. ज्याने ही ओतली त्याने भोकं मूळची ठेवली, तासाची रुंदी मूळची ठेवली आणि मोल्डबोर्ड मुद्दाम आखूड केला, मग तो वाकू नये म्हणून टेकू दिला, असं मला वाटतं. किर्लोस्करवाडीत १९१० पासून लोखंडी नांगर बनत होते. या पट्ट्यात नांगर समजणारे हात तेव्हाही होतेच. ही बॉडी सांगाड्यावरच राहील.

टॉपलिंकचं भोक मात्र दुरुस्त करणार. बाहेरून ढिल्या भोकाला बसणारी आणि आतून १९ मिमी अशी बुश वळवून घेतोय, बाजारातली तयार बुश भोक अंडाकार असल्याने हलते. हे दिसतं किरकोळ, पण फर्ग्युसनमध्ये नांगरावर ओढ आली की टॉपलिंक दाबली जाते, ती स्प्रिंगला दाबते आणि त्यावर लिफ्ट वरखाली होते. भोकात ढिलाई असेल तर तेवढा दाब पोचेपर्यंत उशीर होतो आणि नांगर खोल-उथळ, खोल-उथळ करत जातो. ड्राफ्ट कंट्रोल (ही खोली सांभाळणारी यंत्रणा) बिघडलाय म्हणून पंप खोलून बसणाऱ्यांनी आधी टॉपलिंकच्या दोन्ही पिना बघाव्यात.

बाकी एक छोटी पण गोड गोष्ट. ट्रॅक्टरवरून पट्ट्याने यंत्रं चालवायची बेल्ट पुली मिळाली! मागच्या वेळी ज्या विक्रेत्याने 'फर्ग्युसनची गॅरंटी' म्हणून १ ३/८ इंची स्प्लाइनची (खाचांच्या शाफ्टवर बसणारी) पुली पाठवली होती, त्याच्याकडून नाही. एका बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या कोपऱ्यातून. टीई-२० चा पीटीओ (यंत्रं फिरवायला मागे दिलेला शाफ्ट) सहा स्प्लाइनचा असला तरी शाफ्ट १ १/८ इंची असतो, हे घासाघीस करण्याआधी व्हर्नियर लावून बघायचं. ही पुली हाताने सरकवली आणि थेट बसली. मालक आजोबा म्हणाले, "न्या, पण एकदा चरकाला लावून दाखवा." दाखवणार, शब्द दिलाय.

लिहिता लिहिता एक सुचलं. नांगर उन्हाळ्यात चालवायचाच आहे, तर एकाच वेळी दोन वेगळ्या मोल्डबोर्डची तासं शेजारीशेजारी पडणार. एकाच ओलीला, एकाच खोलीला. माझा काळ्या जमिनीचा अंदाज बरोबर की चूक ते तिथेच दिसेल. म्हणून रंगाचं काम पुढे ढकलतोय. आधी नांगरट, प्रत्येक फेरीला दोन्ही मोल्डबोर्डवर किती माती राहते त्याचे फोटो, मग करडा रंग.

ज्यांच्याकडे पाटीसकट १०-एई असेल त्यांनी मागच्या बॉडीच्या पाठीवर कागद ठेवून खडूचा ठसा घ्यावा आणि मोल्डबोर्डची फाळापासून शेपटीपर्यंतची लांबी मोजून पाठवावी. बाहेरच्या वळणाने, लवचीक टेपने. आणि सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात कुणाच्या नांगराच्या पाठीवर असाच देवनागरी आकडा असेल, विशेषतः १, तर आधी तो ब्रश खाली ठेवा आणि मला कळवा.