पद्मिनीची टकटक: इंजिन परत उतरवण्याआधी

मागच्या नोंदीपर्यंत माझ्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या इंजिनाचा ब्लॉक बोअर होऊन आला होता, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) ग्राइंड करून पुढच्या साइझची बेअरिंग बसली होती, हेड फेस करून व्हॉल्व्ह लॅप झाले होते. आता इंजिन गाडीत बसलंय आणि चालतंय. धूर नाही, ऑइल गळत नाही, सेल्फ मारला की लगेच उचलतं. फक्त आयडलला एक टकटक येते. कोरडी, ठसठशीत, एका लयीत.

पद्मिनीचं इंजिन मुळात फियाट ११०० चं. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ मध्ये डिलाइट आली, १९७२ मध्ये प्रेसिडेंट, १९७४ पासून पद्मिनी. नावं बदलली तरी आतलं १०८९ सीसीचं यंत्र तेच राहिलं. ६८ मिमी बोअर, ७५ मिमी स्ट्रोक, बिडाचा ब्लॉक, अ‍ॅल्युमिनियमचं हेड, क्रँकला तीनच मेन बेअरिंग. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा दांडा) ब्लॉकमध्ये, तिथून पुशरॉड वर व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरपर्यंत. अशा इंजिनात टॅपेटचा (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या भागांचा) थोडा आवाज असायचाच, शिलाई मशीनसारखा. त्या आवाजातून वेगळी उठून येणारी टकटक मात्र सोडून चालत नाही, कारण ती रॉडची (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याची) निघाली तर नुकताच ग्राइंड केलेला क्रँक खराब व्हायला वेळ लागत नाही.

इथे कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्यांनी ज्यांनी आवाज ऐकला त्यांनी बहुतेक एकच सांगितलं: रॉड बोलतोय, उतरवा. एक जुने मिस्त्री तेवढे म्हणाले, "आधी आवाज क्रँकचा आहे की कॅमचा ते बघा. मग पान्याला हात लावा." पुढचं सगळं काम या एका वाक्यावर झालं.

क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी होते. आयडल ८०० आरपीएमला असेल तर क्रँकची एक फेरी ७५ मिलिसेकंदांची आणि कॅमची १५० मिलिसेकंदांची. रॉड, पिस्टन, त्या दोघांना जोडणारी गजन पिन, फ्लायव्हील, पुढची पुली यांचे आवाज क्रँकच्या हिशोबाने येतात. टॅपेट, पुशरॉड, डेल्को (प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) यांचे कॅमच्या हिशोबाने. नुसत्या कानाला सेकंदाला तेरा ठोके मोजता येत नाहीत, म्हणून मोबाइल बॉनेटखाली धरून आवाज रेकॉर्ड केला आणि संगणकावर त्याच्या लाटा पसरून पाहिल्या. टोकं स्पष्ट दिसली, आणि त्यांच्यातलं अंतर १५० च्या आसपास होतं. खात्रीसाठी टायमिंग लाइट एक नंबरच्या प्लग वायरला लावली. ती क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच चमकते. प्रत्येक चमकेला एक टक, बरोबर जोडीने. म्हणजे आवाज कॅमच्या बाजूचा. टायमिंग लाइटचा हा उपयोग फार कमी लोक करतात, आणि माझ्या मते जुन्या इंजिनावर तिचं हे काम टायमिंग लावण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

तरीही रॉडचा संशय पुरता मिटवणं गरजेचं होतं, कारण तिथे चूक परवडत नाही. एकेका प्लगची वायर काढून ती अर्थला टेकवली. त्या सिलिंडरमध्ये स्फोट थांबला की रॉडवरचा भार उतरतो, आणि बेअरिंग ढिलं असेल तर ठोका लगेच मऊ पडतो किंवा बदलतो. चारही सिलिंडरवर टकटकीत काही फरक नाही. क्लच दाबून पाहिला, फरक नाही. म्हणजे थ्रस्ट वॉशरही (क्रँकचं पुढे-मागे सरकणं रोखणारा) संशयातून सुटला. फॅनबेल्ट काढून थोडा वेळ इंजिन चालवलं, त्यामुळे डायनमो आणि पाण्याचा पंपही यादीतून गेले. ऑइल प्रेशरच्या स्विचच्या जागी गेज जोडलं होतं. इंजिन तापल्यावरही काटा स्थिर.

मग टॅपेट. गॅप मॅन्युअलप्रमाणे गार इंजिनावर पुन्हा तपासले, आठही बरोबर. चालू इंजिनावर प्रत्येक रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मध्ये फीलरचं (फट मोजायचं) पातं सरकवून पाहिलं. वाजणाऱ्या टॅपेटमध्ये पातं गेलं की तो गप्प होतो. एकही गप्प झाला नाही. पुशरॉड काढून काचेवर लोळवले, सगळे सरळ.

इथे बरेच जण कॅमवर आणि खालच्या टॅपेटवर संशय घेऊन इंजिन खोलतात. मला मात्र जोतिबाच्या चढावर एक गोष्ट जाणवली होती. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनावर जोर आला की टकटक जवळजवळ नाहीशी व्हायची आणि वर पोहोचून आयडलला उभं राहिलं की परत यायची. झिजलेली बेअरिंग असं वागत नाहीत, ती जोर पडला की जास्त बोलतात. टॅपेटला तर जोराशी फारसं देणंघेणंच नसतं. मग कॅमवर चालणारी आणि इंजिन जास्त पेट्रोल मागतं तेव्हा शांत होणारी वस्तू कोणती? पेट्रोल पंप.

ब्लॉकच्या बाजूला बसणारा हा मेकॅनिकल पंप कॅमवरच्या एका गोल, पण केंद्रापासून सरकवलेल्या उंचवट्यावर चालतो. उंचवटा लिव्हर ढकलतो, लिव्हर डायफ्राम (पंपातला रबरी पडदा) ओढतो, आणि स्प्रिंग डायफ्रामला परत लोटून पेट्रोल कार्बोरेटरकडे पाठवते. आयडलला पेट्रोल फार कमी लागतं. कार्बोरेटरची सुई बंद, लाइन भरलेली, डायफ्राम ओढलेल्या जागीच थांबलेला. अशा वेळी लिव्हर जवळजवळ रिकामा हलत असतो आणि त्याला कॅमला चिकटवून ठेवायचं काम फक्त त्याच्या छोट्या स्प्रिंगचं असतं. लिव्हर कॅमपासून सुटला की प्रत्येक फेरीला उंचवटा त्याला येऊन धडकतो. चढावर पेट्रोलचा खप वाढतो, डायफ्राम पूर्ण हलायला लागतो, लिव्हरवर भार येतो आणि धडक बंद होते.

लांब पान्याचं एक टोक इंजिनाला टेकवून दुसरं कानाला लावल्यावर आवाज ब्लॉकवर सगळीकडेच येत होता. धातूतून तो इतका पसरतो की एवढ्यावर निर्णय घेऊ नये. म्हणून पंपच काढला. भोकावर पत्र्याची प्लेट आणि पॅकिंग बसवलं, नाहीतर तिथून ऑइल उडतं. पेट्रोलची लाइन बूच मारून बंद केली, आग विझवण्याचा सिलिंडर जवळ ठेवला आणि कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये (पेट्रोलच्या छोट्या कप्प्यात) उरलेल्या पेट्रोलवर इंजिन सुरू केलं. आयडलला ते तेवढ्यावरही थोडा वेळ चालतं. टकटक गेली! तेवढ्या वेळात जे ऐकलं त्यासाठीच तर ही इंजिनं आपण जपतो.

कारण पंपाच्या बुडाशी सापडलं. पंप आणि ब्लॉकच्या मध्ये उष्णता अडवणारा बॅकेलाइटचा जाड तुकडा असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना पातळ पॅकिंग. माझ्या गाडीत आधी कुणीतरी ऑइलची गळती थांबवायला शेलॅक लावून जाड पॅकिंगचे थर चढवले होते, आणि जुळवणीत तो गठ्ठा तसाच परत बसला. पंप तेवढा बाहेर आला, लिव्हरची पोच कमी झाली. लिव्हरच्या तोंडावर घासल्याची खूण एका टोकालाच होती.

आता थर काढून पातळ कागदाची पॅकिंग कापून बसवली आहेत. बसवताना एक चाचणी जरूर करा. इंजिन हाताने फिरवून उंचवट्याची खोल बाजू पंपाकडे आणा आणि पंप नुसता टेकवा. पंपाची फ्लँज (ब्लॉकवर बसणारी कड) ब्लॉकला पूर्ण बसण्याआधी स्प्रिंगचा हलका विरोध हाताला लागला पाहिजे. जुन्या गठ्ठ्यावर तो अजिबात लागत नव्हता. उलट पॅकिंग फारच कमी केलं तर लिव्हर जास्त दाबला जातो, मग तो किंवा कॅमचा उंचवटा झिजतो.

गार इंजिनाला पहिली काही मिनिटं एक बारीक, बोथट आवाज अजून आहे. तो क्रँकच्या लयीत येतो, तापल्यावर जातो आणि दोन नंबरची वायर काढली की बदलतो; पिस्टनचा आहे, रनिंग-इन होईपर्यंत त्याला हात लावणार नाही. पंपाच्या लिव्हरची पिन थोडी हलते, ती लेथवर करून घ्यायची आहे. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली. तेव्हा या पंपांची किट जिथे दिसतील तिथे एक जास्तीची घेऊन ठेवा, आणि डायफ्राम हातात वाकवून पाहूनच घ्या. वर्षानुवर्षं पडून राहिलेलं रबर घडीवर तडकलेलं निघतं.