वरून वाळलं होतं

शुक्रवारी सकाळी मी बदामीची सहल रद्द केली आणि दुपारपर्यंत पालकांची बोलणी खाल्ली. सोलापुरात प्रस्तरारोहण शिकवणाऱ्याला बदामी म्हणजे माहेरच. गाडीत बसायचं, विजापूर, बागलकोट मागे टाकायचं, की लाल वालुकाश्माचे उभे कडे समोर. पण उत्तरा नक्षत्राचा पाऊस तिकडेही धो धो पडला होता आणि थांबून जेमतेम दीड दिवस झाला होता.

"सर, कडक ऊन पडलंय की! मोबाइलवर बघा ना," एका मुलाचे वडील म्हणाले.

मग मी दर वर्षीचं पुराण लावलं. वालुकाश्म म्हणजे वाळूचे कण, एकमेकांना चिकटून बसलेले. मधल्या बारीक पोकळ्यांत पाणी शिरलं की ते चिकटणं सैल पडतं. बदामीचा दगड त्यातल्या त्यात घट्ट, तरी ओल असताना पातळ कपच्या मोडतात, आणि एकदा मोडलेली पकड परत उगवत नाही. वरचा पापुद्रा तासाभराच्या उन्हात वाळतो. आतली ओल जायला दोन-तीन दिवस लागतात, सावलीतल्या कड्याला त्याहून जास्त. पायथ्याची माती बोटभर उकरून बघावी; खाली ओली लागली तर दोर पिशवीतच राहू द्यावा. हे सगळं मी चांगल्या ठसक्यात सांगितलं, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

तीनच्या सुमाराला दक्षिण सोलापूर तालुक्यातून एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. त्यांच्या शेजाऱ्याची गाभण शेळी विहिरीत पडली होती. पाण्याच्या वर एका कपारीत ती उभी होती आणि ओरडून ओरडून तिचा आवाज बसला होता. दोर घेऊन निघालो.

विहीर 45 फुटांची, कच्ची, आतून बांधकाम नाही. आमच्याकडच्या जमिनीची वीण अशा विहिरीत उघडी दिसते: वर काळी माती, मग चुनखडीचा पांढरट थर, मग तपकिरी मुरूम आणि तळाला काळा पाषाण. काळी माती पाणी पिऊन फुगलेली, म्हणून ट्रॅक्टर काठाजवळ येऊ दिला नाही. दोर 30 फुटांवरच्या कडुलिंबाला बांधले. काठावर दोर माती कापत जाऊ नये म्हणून खाली काहीतरी जाड हवं होतं. मालकीणबाईंनी घरातली जुनी सोलापुरी चादर आणून दिली. चार घड्या घातल्यावर तिच्यापुढे माझं विकतचं साहित्य फिकं पडलं.

खाली उतरणं सोपं गेलं. शेळी उस्मानाबादी, काळीभोर, थरथरत होती, पण शहाण्यासारखी उभी राहिली. पट्ट्यांचा पाळणा करून तिला पोटाखालून बांधलं आणि वरच्यांनी कप्पीवर ओढून घेतलं. दहा मिनिटांत ती काठावर, आणि वर एकच गलका.

काम संपलं होतं. जुमार, म्हणजे दोरावर वर सरकणारा पण खाली न घसरणारा चाप, लावून मुकाट्याने दोरावरून वर यायचं, एवढंच उरलं होतं. पण मुरमाच्या भिंतीत नारळाएवढे, कलिंगडाएवढे गोल गोटे जिन्यासारखे बाहेर आलेले. ऊन पडून भिंत वाळलेली, रंगही फिका झालेला. वर दहा-बारा माणसं बघत होती. पडलो तर अडकावं म्हणून वरून दोर सांभाळायला, म्हणजे बिले द्यायला, मी विद्यार्थ्याला ओरडून सांगितलं, "बिले दे, चढून येतो!"

काठावर एक तात्या बसले होते. उभं आयुष्य विहिरी फोडण्यात गेलेलं. ते काहीतरी म्हणाले, मला नीट ऐकू आलं नाही. खरं म्हणजे मी ऐकलं नाही.

पंधराएक फूट मजेत चढलो. मग उजवा पाय कलिंगडाएवढ्या गोट्यावर टाकला आणि गोटा पायाखालून साबणासारखा निघून गेला. पाण्यात त्याचा आवाज झाला तेव्हा मी दोरावर लटकून गोल फिरत होतो. डाव्या हाताची पकड मात्र सुटली नव्हती. धरलेला गोटाच भिंतीतून उपटून हातात आला होता.

सोलापूरकराला कांद्याचे पापुद्रे वेगळे समजवायला नकोत. बेसाल्ट झिजतो तो असाच: भेगांतून पाणी शिरतं, कोपरे आधी कुजतात आणि थरावर थर सुटत मधे टणक गाभा उरतो. त्या गोट्याला धरून ठेवतो तो भोवतीचा कुजका थर, आणि तो पाऊस पिऊन लोण्यासारखा झाला होता. गोटा पक्का होता, पण ज्यात बसला होता ते पक्कं नव्हतं. वाळूच्या दगडाला मी सकाळी नाही म्हटलं, ते चारशे रुपयांच्या तिकिटाचं नुकसान सोसून. आणि घरच्या मुरमावर, पाण्यापासून वीस फुटांवर, बोट लावून बघायचंसुद्धा सुचलं नाही. आपला दगड काळा, म्हणजे पक्का, हा गर्व सह्याद्रीत फिरलेल्या सगळ्यांनाच असतो. मुरूम आम्ही दगडात धरतच नाही.

उरलेलं अंतर जुमारने आलो. तात्यांनी हातातला गोटा बघितला.

"मगाशी तेच म्हणलो की मालक. आधी वाजवून बघायचं. टणटण बोलला तर पाय द्यायचा. बद बोलला तर हात जोडायचे आन् दोरानंच यायचं."

"आता सांगताय होय तात्या!"

"मगाशी सांगितलं तवा तुम्ही बिले-बिले करत हुता."

शेळीला मालकीणबाईंनी शेकोटीजवळ बसवून गुळाचं पाणी पाजलं. चादर चिखलाने लडबडली होती. धुऊन देतो म्हटलं तर त्यांनी हसून घरात नेली. गोटा मी डिकीत टाकून आणला आणि क्लासच्या टेबलावर, हजेरीच्या वहीवर ठेवला.

सोमवारी ते सकाळचेच पालक बदामीची नवी तारीख विचारायला आले. तारीख लिहायला वही हवी म्हणून गोटा उचलला. बाहेरून खडखडीत कोरडा होता. खाली वहीच्या पुठ्ठ्यावर मात्र बशीएवढं ओलं वर्तुळ उमटलं होतं.